यादीतला खेळ

"हिला माहेरी शाळेला ठेवलीय. टीममध्ये घ्या की, सर," म्हणत वैजयंताने लेकीला पुढे केलं.

पोरीच्या हातातली काठी गाडेकर सरांनी लगेच ओळखली. टोकाला चेंडू झेलायची जाळी, मुठीला निळी चिकटपट्टी. वीस वर्षांपूर्वी ती पट्टी त्यांनीच गुंडाळली होती.

तेव्हा लॅक्रॉस हे नावही तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. सरांनी पोरींना तो खेळ शिकवून राज्य स्पर्धेपर्यंत नेलं. गोल अडवायला वैजयंता. टीममध्ये दहावीची ती एकटीच. गणितात चार मार्कांनी गेली, शाळा सुटली, घरच्यांनी लग्न उरकून टाकलं. खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव मार्कांनी ती सहज पास झाली असती. पण तिचा अर्ज सरांच्या किटबॅगेत तळाशी राहून गेला होता. मुदत उलटल्यावर सापडला. ती विचारायला आली, तेव्हा सर म्हणाले, "आपला खेळ सरकारच्या यादीत नाही गं."

नंतरच्या प्रत्येक पोरीचा अर्ज त्यांनी स्वतः जिल्ह्याला नेऊन दिला. लग्न होऊन दूर गेलेल्या वैजयंताला ते कुठून कळणार?

"मार्कांचं राहू द्या, सर," ती आता हसून म्हणाली. "यादीत नसला तरी खेळू दे तिला. माझे तेवढेच दिवस चांगले गेले."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली.

"वैजू, यादीत होता गं," ते म्हणाले. "तेव्हाही होता."