परवान्यावरचं नाव

विमान जमिनीला टेकलं तसे बातमीदार उकिडव्यांनी डोळे उघडले. "पूर कसा दिसला तेवढं सांगा. संध्याकाळपर्यंत बातमी लिहून द्यायचीय."

"ती आता मीच लिहीन," गॉगल कपाळावर सरकवत यमुना धारप म्हणाली.

त्याच वर्तमानपत्रात ती महिलांचं पान सांभाळायची. विमान चालवायचा परवाना शहरात तिच्या एकटीकडे होता, म्हणून संपादकांनी विमान तिच्यावर सोपवलं होतं आणि बातमी उकिडव्यांवर.

कचेरीत आल्यावर तिने टोपीही न काढता मजकूर लिहिला. देवळाचा कळस तेवढा पाण्याबाहेर, शाळेच्या कौलांवर दाटीने बसलेली माणसं, आणि विमान दिसताच कुणीतरी जीव खाऊन हलवलेलं हिरवं लुगडं.

संपादक दादासाहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला. "पहिल्या पानावर घेऊ. खाली नेहमीसारखं 'एक भगिनी' टाकू. बाईमाणसाचं नाव तिथे बरं दिसत नाही."

यमुनेने त्यांच्या हातातून कागद काढून घेतले. "मग बातमी माझ्याकडेच राहू दे."

"अगं, तिकडे माणसं अडकलीत!"

"कलेक्टरांना मी उतरल्याउतरल्या कळवलंय. होड्या निघाल्यात. अडलंय ते फक्त तुमचं पहिलं पान."

"हट्ट सोड. छपाई खोळंबलीय. नाव तरी काय टाकायचं म्हणतेस?"

"सकाळी उकिडव्यांना माझ्या विमानात बसवण्याआधी परवान्यावरचं नाव तुम्ही चष्मा लावून वाचलंत, दादासाहेब. तेच छापा."