बारा महिने चूल

"मॅडम, एवढी रेघ जरा डावीकडे सरकवा ना," दिघेसाहेब स्क्रीनवर बोट टेकवत म्हणाले. नव्या महामार्गाची रेघ थेट त्यांच्या फार्महाउसवरून जात होती.

निवृत्तीआधी माझ्या खुर्चीत तेच बसायचे. रस्त्यामुळे माणसांचं, झाडापाण्याचं किती नुकसान होईल ते मोजणारं हे सॉफ्टवेअर त्यांनीच बनवून घेतलं. वस्ती कशाला म्हणायचं, तेही त्यांनीच ठरवलं. जिथे बारा महिने चूल पेटते ती वस्ती, बाकी सगळं रिकामं रान.

आम्ही धनगर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचो. एका वर्षी परतलो, तर आमच्या घरांच्या जागी डांबर होतं. आईला तिची चूलसुद्धा सापडली नाही. मी हे काम शिकले ते त्या दिवसापायी.

"सरकवते की," मी म्हणाले. "सॉफ्टवेअर फक्त एवढंच विचारतंय, तिथे बारा महिने चूल पेटते का?"

"छे हो! शनिवार-रविवारी जातो आम्ही. एरवी कुलूप."

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, पण घर आहे ते आमचं! झाडं लावलीत मी हातानं."

मी 'नाही'वर क्लिक केलं. फार्महाउसवरचा लाल ठिपका हिरवा झाला. नुकसान शून्य.

"काळजी करू नका, साहेब," मी म्हणाले. "बुलडोझर मंगळवारी पाठवू. तुम्ही नसाल तेव्हा."