पॉकेटची झोप

सकाळचे दहा वाजले होते आणि पॉकेटची झोपायची वेळ झाली होती. कॅनडातल्या विनिपेगच्या त्या टीव्ही स्टुडिओत दिवे मंद केले की रात्र, पुन्हा लावले की सकाळ.

मार्लीन कोवालचुक खाटेखाली चाकाच्या फळीवर उताणी पडली होती. गादीला पाडलेल्या भोकातून तिचा उजवा हात वर गेलेला, आणि त्या हातावर पॉकेट नावाचा ससा. बावीस वर्षं हा बाहुला टीव्हीवर सकाळी उठत होता, दात घासायचा कंटाळा करत होता, मोजे उलटे घालत होता आणि संध्याकाळी साडेसहाला अख्ख्या प्रांतातल्या पोरांना अंथरुणात धाडत होता.

आज मात्र त्याला नवं डोकं बसवलं होतं. आत मोटर. रिमोटचं बटण दाबलं की पापण्या मिटणार. जुन्या डोक्याचे डोळे म्हणजे कोटाची दोन काळी बटणं, ती कसली मिटतात! "झोपेचा कार्यक्रम, आणि ससा झोपतो डोळे सताड उघडे ठेवून! लोक हसतात हो," असं वाहिनीचा नवा प्रमुख कर्टिस पेनर म्हणाला होता. आज चार मुलं बोलावली होती. त्यांना नवं डोकं आवडलं, तर सोमवारपासून पॉकेट रिमोटवर आणि मार्लीनबाईंच्या खांद्याला आराम. 'आराम' हा शब्द कर्टिसने फार गोड आवाजात म्हटला होता. मार्लीनला आराम नको होता. तिला तिचा ससा हवा होता, आणि तो आपल्या हातून जात नाही याची तिला पक्की खात्री होती.

"तयार आहात ना?" कर्टिसने खाली वाकून विचारलं.

"मी आहे. तू तुझं बघ," ती म्हणाली.

मुलं बूट काढून मोज्यांवरच खाटेपाशी येऊन बसली. पॉकेटने जांभई दिली, डोकं उशीवर टेकलं. कर्टिसने बटण दाबलं. टिक्. पापण्या मिटल्या.

मुलं पुढे वाकून बघू लागली. मग आयव्ही नावाची, पुढचे दोन दात पडलेली सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मेला?"

शेजारच्या पोराने भोकाड पसरलं. कर्टिसने घाईघाईने पुन्हा बटण दाबलं. टिक्. डोळे खाडकन उघडले. आयव्ही किंचाळून मागे सरकली.

मार्लीनने हेच तर दोनदा सांगून पाहिलं होतं. मोटरीची पट्टी मनगटावर आवळलेली, आणि पॉकेटचा श्वास सगळा त्या मनगटात. मिटलेले डोळे आणि न हलणारं अंग याला झोप म्हणत नाहीत. पण ऐकतो कोण!

आता बाहुला हातातून काढायचा, तर समोर मुलं. आणि मुलांदेखत बाहुला रिकामा करायचा नाही, हा बाहुल्या खेळवणाऱ्यांचा कडक नेम. तिने डावा हात दुसऱ्या भोकातून वर घातला, रजई पॉकेटच्या डोक्यावरून ओढली आणि आतल्या आत त्याला खाली घेतलं. बटणडोळ्यांचं जुनं डोकं तिने सकाळीच एका जादा अंगावर चढवून कमरेशी आणून ठेवलं होतं; तो पॉकेट तिने हातावर चढवला. बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"मार्लीनबाई, अहो, काय चाललंय?" कर्टिस कुजबुजला.

"माझं काम."

रजई हलली. आधी एक कान बाहेर आला, मग दुसरा.

"कोण मेलं म्हणालं?" पॉकेट म्हणाला. "मी दात घासत होतो."

"रजईत?" आयव्हीने कंबरेवर हात ठेवले.

"थंडी किती आहे!"

"चूळ भरलीस?"

पॉकेटने मान फिरवली.

"बघ! भरली नाहीच! जा, भर आधी."

पॉकेट रजईत गेला. आत गुळगुळ आवाज झाला. रडणारा पोरगा नाक पुसत हसला. पॉकेट परत आला, उशीवर आडवा झाला. मार्लीनने डोळे मिटून घेतले आणि मनगट सैल सोडलं. किंचित वर, किंचित खाली. मध्येच एक लांब उसासा. कान आपसूक घसरला. काळी बटणं छताकडे टक लावून होती.

"पण डोळे तर उघडेच आहेत," पोरगा म्हणाला.

"गप रे. माझे बाबा असेच झोपतात, टीव्हीसमोर," आयव्हीने त्याला दटावलं, आणि पॉकेटच्या गळ्यापर्यंत रजई सारखी केली.

पाच मिनिटं झाली. कुणी उठेना. मार्लीनच्या खांद्यातून कळा येऊ लागल्या, पण मनगट चालूच होतं. ती खाली एकटीच हसत होती, इतका आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. अखेर आयव्हीने सगळ्यांना खुणा केल्या आणि मुलं चवड्यांवर बाहेर गेली. दार लागलं.

"गेली का रे पोरं?" मार्लीनने विचारलं. "काढू हात?"

कर्टिसने रिमोट खिशात टाकला. मग गुडघे टेकून तो खाटेखाली वाकला. त्याचं बोट ओठांवर होतं.

"हळू बोला ना," तो पुटपुटला. "आत्ताच झोपलाय तो."