हात दाखव

विक्की फिनिशच्या गेटपाशी आला, थांबला आणि मागे फिरला.

आत यायला दहा-बारा पावलं उरली होती. गेटवर ही ट्रायथलॉन भरवणारे भूपेंद्र सर उभे होते, गळ्यात शिटी. डोळे बारीक करून ते त्याच्या मनगटाकडे बघत होते. विक्कीनं सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. आणि परत कारध्याच्या पुलाकडे पळत सुटला.

"पाहिलं?" सर म्हणाले. "मले पाहून पळाला."

"पोट बिघडलं असन, सर," चंदन म्हणाला. तो टेबलावर वेळ घ्यायला बसला होता. "अजून पाऊन घंटा हाय. येईन."

सर हसले नाहीत. गेल्या वर्षी एक जण ऑटोत बसून फेरी मारून आला होता. मेडल घेतलं, फोटो काढला, गेला. लोक सरांना अजून चौकात विचारायचे, यंदा ऑटोवाल्याले पन मेडल हाय का? म्हणून यंदा रबर. पळायच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला कारध्याच्या टोकावर चंद्रकलाबाई मनगटात एक रबर घालायच्या, पोरी केसांना लावतात तसलं. चार रबर असले तरच फिनिशर.

आणि हा विक्की आसगावचा. धानाची शेती. पोहणं गावच्या तलावात शिकलेला. कोच नाही, क्लब नाही. एवढी लांब ट्रायथलॉन पहिल्यांदाच. सकाळपासून सरांचा त्याच्यावर डोळा होता. वैनगंगेतून हा इतक्या लवकर बाहेर निघाला कसा? पवनी रोडवरून सायकल घेऊन आला तेव्हा याला धाप का नव्हती?

थोड्या वेळानं सरांनी चंद्रकलाबाईंना फोन लावला.

"तो पिवळ्या बनियानवाला दिसला का?"

"हाव, आत्ताच येऊन गेला. घातलं ना रबर."

"एकून किती झाले त्याचे?"

"मोजाचं मले कोनी सांगतलं जी? जो आला त्याले घातलं."

सरांनी फोन ठेवला. "समजलं का, चंदन? एक फेरी खाल्ली होती यानं. आता पकडल्या जाईन म्हनून भरून काढून राहिला."

गेटच्या बाजूला विक्कीची बायको गुड्डी टॉवेल घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. "आमच्या घरी भात खातेत, सर. फेऱ्या नाही खात."

चंदन फिसकन हसला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं तशी त्यानं मान खाली घातली.

गुड्डी मात्र आता पुलाकडेच बघत होती. साडेसहाला गेट बंद. त्याच्यानंतर आला तो फिनिशर नाही, मग पोहलेलं, सायकल हाणलेली सगळं मातीत. "वर्षभर पहाटे उठले हे," ती चंदनला म्हणाली. "किती टाइम राहिला, भाऊ?"

"चार मिनिट."

तेवढ्यात पिवळं बनियान दिसलं. विक्की आता पळत नव्हता, एक पाय ओढत होता. गुड्डी ओरडली, "चला ना वो! चला!" त्यानं वेग घ्यायचा प्रयत्न केला. पाय ऐकेना.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि शिटी फुंकली.

विक्की तरी थांबला नाही. लंगडत गेटच्या आत आला आणि तिथंच खाली बसला. गुड्डीनं त्याच्या अंगावर टॉवेल टाकला.

"टाइम संपला," सर म्हणाले. आवाजात बरं वाटल्यासारखं होतं. "पन हात दाखव. सगळ्याइले समजू दे."

विक्कीनं हात टॉवेलखाली घेतला.

"काहून लपवतो? दाखव!"

त्यानं हात पुढे केला. सरांनी एक-एक रबर बोटानं सरकवून मोजलं. थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पाच होते.

चंदन टेबलावरून उठून आला. त्यानंही मोजलं.

"मंग मघा गेटपाशी आला तवा..." सर म्हणाले.

"चार होते, सर," विक्की म्हणाला. "पन तुमी असे पाहून राहिले होते का मलेच वाटलं, बाईनं एखादं चुकून दोनदा घातलं असन."