भिंतीचा घाम

अकोल्यात दुपारचे दोन वाजले होते. तपासनीस ढोबळे मॅडमनी नव्या इमारतीच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"जिवंत गिलावा आहे हा. ऊन तापलं की त्याला घाम यायला हवा, तरच घरं विजेशिवाय गार राहतील. भिंत अशी तापलेली असेल तर राहण्याचा दाखला मिळणार नाही."

छत्तीस कुटुंबं त्या दाखल्यासाठी थांबली होती.

"भिंतीला पाणी कोण मारतं?"

"मीच, मॅडम. रोज दोनदा," कौतिकाबाई म्हणाली. वीस वर्षं ती बांधकामावर हेच करत आली होती. "नव्या भिंतीले पाणी नाही देलं तं तडकते."

"ही तडकत नाही. पण आयतं पाणी मिळतंय, म्हणून जमिनीतली ओल ओढून घाम काढायला शिकली नाही. चार दिवस बंद करा."

कौतिकाबाईने पाइप गुंडाळून ठेवला. तीन दिवस ती भिंतीकडे पाठ करून जेवली.

चौथ्या दुपारी तिचा तळवा भिंतीवर ओला झाला. पुन्हा तपासायला आलेल्या मॅडमनी दाखल्यावर सही केली. "आता हिला कुणाची गरज नाही."

उन्हात तळवा लगेच वाळला. कौतिकाबाईने तो पुन्हा भिंतीवर ठेवला.