बारा बाळंतिणी

बाळंतिणींच्या वॉर्डात चौघींच्या अंगावर लाल चट्टे उठले होते. इंदूबाईचा तर गळा सुजला होता. मांडीवरच्या लेकराला अंगाई म्हणायची, तर ओठ नुसते हलत.

डॉ. कोलत्यांनी बाराही जणींचे केसपेपर टेबलावर मांडले. "नव्या गोळीवर संशय होता माझा," ते सिस्टरला म्हणाले. "पण गोळी बाराही जणींना दिली आणि चट्टे चौघींनाच. म्हणजे गोळीचा दोष नाही. संध्याकाळचा डोस द्या."

फरशी पुसणारी रुखमाबाई आया थांबली. "बाराही जनीनं गोळी घेतली, हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कागदावर आहे, बाई."

"कागद का गाद्या झटकते?" तिने पदराची गाठ सोडून ओंजळभर पिवळ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. "अंगावरचं दूध आटते म्हनून आठ जनी गोळी गालात धरतात. तुमची पाठ फिरली का गादीखाली सारतात. सांगू नको म्हनून पाया पडल्या माह्या."

"आणि त्या चौघी?"

रुखमाबाईने इंदूबाईच्या खाटेकडे पाहिलं.

"त्यायनं तुमचं ऐकलं, साहेब."