निघण्याआधी ओवाळणी

"जमादारानं विचारलं, तर बहीन हाय म्हनून सांग," आबासाहेब म्हणाले. वर हसलेही.

धुरपताबाई डिंकाचे लाडू वळत होती. हातातला लाडू तिनं असा आवळला, की त्याचा भुगा झाला. लाडू तरी कुणाचे, तर यांच्याच सफरीचे. माघ लागला की आबासाहेब स्वित्झर्लंडला निघणार होते, आपल्या कापसाच्या जिनासाठी नवी यंत्रं बघायला. यंत्रं विकणाऱ्या कंपनीनं नवराबायको दोघांनाही आमंत्रण धाडलं होतं. वालूरच्या या घरात बायका दोन आहेत, हे कंपनीला कोण सांगणार?

"कुनाची बहीन?"

"माजी. सनाला आलेली. पासपोर्टाचा तपास हाय, आन् बायको म्हनून सुगंधाचं नाव दिलंय मी. दुसरी बायको करायची न्हाई असा कायदा झाला, आन् त्याच्यामागून सुगंधाशी लगीन लावलं मी. तुज्या तोंडून निसटलं तर सफर ऱ्हायली बाजूला, मला बेड्या पडतेल."

"मग मला न्या. आदी माजा हात धरलाय तुमी."

म्हशीनं मोटारीत बसायचा हट्ट धरावा, तसं आबासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "तुला झेपंल का तितला गारठा? कमरेएवढं बर्फ पडतंय ह्या दिवसांत."

गारठा! इतकी वर्षं पौषातल्या पहाटे ती आडाचं पाणी ओढत आली, तेव्हा गारठा झेपतो का म्हणून या माणसानं एकदा तरी विचारलं होतं? धुरपताबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

ओसरीवर धाकटी, सुगंधाबाई, बूट घालून चालायला शिकत होती. पायांत लोकरीचे मोजे, वर लुगडं खोचलेलं, हातानं खांब धरलेला. दोन पावलं टाकायची आणि थांबायची. एरवी धुरपताबाईला हसू आलं असतं. आज आलं नाही, आणि या पोरीचा रागही आला नाही. राग एकाच माणसाचा येत होता, आणि तो मिशी कुरवाळत दाराकडं बघत उभा होता.

संक्रांतीचा दिवस होता. देवघरापुढं दोघींची सुगडं मांडलेली होती, ऊस, बोरं, हरभरे भरून. आज नवऱ्याला उदंड आयुष्य मागायचं होतं. त्याला दोन दोन बायकांनी मागायचं.

जमादार आला. चहा झाला, तिळगूळ झाला. मग त्यानं संकोचानं धुरपताबाईकडं मान वळवली. "माफ करा बाई, सरकारी काम हाय. तुमी आबासाहेबाच्या कोन?"

सुगंधाबाई खांबाला धरून तशीच उभी राहिली. आबासाहेबांच्या कपाळावर घाम आला. धुरपताबाईनं तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. एका शब्दानं याचा सगळा डौल उतरवता आला असता. पण मग हा तुरुंगात जाणार, आणि तिथंही भाकरी बांधून न्यायची ती कुणी? तिनंच. बायको होती ना ती.

"मी बहीन," ती म्हणाली.

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला.

"जरा थांबा, जमादार. भाऊ एवढा परदेसी निघाला, त्याला ओवाळलं न्हाई तर लोक काय म्हनतेल?" ती आत गेली आणि ताट घेऊन बाहेर आली. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं होतं त्यात. तिनं पाट मांडला. "बसा दादा. डोक्यावर टोपी घाला."

आबासाहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. जमादार कौतुकानं बघत होता. ते पाटावर बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग वाकून नमस्कार केला.

"ओवाळनी टाका, दादा."

आबासाहेबांनी खिशातून रुपया काढून ताटात टाकला. जमादाराला भावाबहिणीची ही माया फार आवडली. जाताना त्यानं धुरपताबाईला मुद्दाम रामराम घातला.

तो कोपऱ्यावरून वळला तसे आबासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "शाब्बास! लय झाक सोंग वठवलंस. मला तर घामच फुटला हुता. चल, वाढ आता."

धुरपताबाई ताटातला रुपया पदराच्या टोकाला बांधत होती. तिनं गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"वाढते, दादा."

"आता कशाला दादा? जमादार गेला की."

"जमादार गेला. निरांजन माज्या हातात हुतं, कुकू तुमच्या कपाळाला हाय. देवासमोर ओवाळलंय, आन् ओवाळनी घेतलीया मी." तिचा आवाज चढला. "सोंग तुमी केलं आसंल. मी न्हाई केलं."

आबासाहेबांचं हसू मावळलं. हात नकळत कपाळाकडं गेला आणि मध्येच थांबला. पुसावं तरी पंचाईत, ठेवावं तरी पंचाईत.

धुरपताबाई देवघरापुढं बसली. आपली सुगडं तिनं एकेक उचलली आणि सुगंधाबाईच्या सुगडांशेजारी नेऊन ठेवली. ओसरीवरची पोर एक बूट पायात, एक हातात घेऊन बघत राहिली.

"या वैनी," धुरपताबाईनं हाक मारली. "ह्ये बी तुमीच पुजा."